अनुभव द्या: दोन मेडिकल कॉलेजं आणि एक फॉर्म

ओटीवरची

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे पाऊस. घरात रेंज नाही म्हणून बाई छत्री घेऊन सड्यावर उभी. "मावशी, ओरोस वर टाकू की मुंबईचं? उद्या पाचच्या आत फॉर्म लॉक करायचाय." ओरोस म्हणजे सिंधुदुर्गचं सरकारी मेडिकल. मी काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना.

साल २००२, गाव राजापूर तालुक्यात, आतल्या बाजूला. सीईटीचे मार्क असे की मुंबईतलं एखादं कॉलेज मिळण्यासारखं, मिरज तर नक्कीच. फॉर्म कागदी होता. बाबा प्राथमिक शिक्षक, त्यांनी आधी पेन्सिलीने आकडे घालून ठेवले: वर मुंबई, मग पुणे, मग मिरज. शाईने गिरवायचं काम माझ्याकडे, कारण घरात माझं अक्षर बरं. लाईट गेलेली. कंदिलाच्या उजेडात मी मिरजेसमोर १ गिरवला.

कारण सांगायची अजून लाज वाटते. दहावीच्या सुट्टीत आत्याकडे मुंबईला गेले होते. दादरच्या जिन्यावर गर्दीत माझी एक चप्पल गेली आणि परळपर्यंत मी एका पायात चप्पल घालून आले. एवढंच.

सकाळी बाबांनी फॉर्म पाहिला. खोडरबर घेऊन पेन्सिलीचे आकडे एकेक करून पुसले, कागद चुरगळू न देता. बोलले काहीच नाहीत. चहा न घेता बाहेर पडले ते अकराला भिजून परत. राजापूरच्या स्टँडवर जाऊन कोल्हापूर-मिरजेकडच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या होत्या, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर. खाली बारीक अक्षरात: गगनबावडा बंद असल्यास फोंडा, तोही बंद असल्यास आंबा घाट.

ती पत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. लग्न कुणाचं होतं ते पावसात विरघळलं.

कुणी असं दोहोंतलं एक निवडलंय का, स्वतःसाठी नाहीतर मुलांसाठी? लिहा. सल्ला नको, काय झालं ते लिहा.

सतारमेकर गल्ली

मिरज!! मी ९८ची बॅच. पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालं नाही म्हणून त्या गल्लीच्या तोंडाशी खोली घेतली होती. मागच्या अंगणात सतारीचे भोपळे वाळत घातलेले आणि पुढच्या खिडकीत आमचा हाडांचा सेट. घरमालकीण म्हणायच्या, तुमचं पण वाद्यच बनवताय काय रे. तुम्ही कुठे राहायचात?

ओटीवरची

लेडीज हॉस्टेल. तुमच्या बॅचच्या नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स माझ्याकडे होती बहुतेक. 'ब्रेकियल प्लेक्सस'च्या पानावर चहाचा गोल डाग?

सतारमेकर गल्ली

तो डाग माझा 😄 विषय सोडून फार लिहिलं, सॉरी

कलमवाला

मुलाचा प्रवेश २०२२चा. घरापासून तासाभरावर खाजगी, नाहीतर सरकारी पण गोंदिया. पूर्वी ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तेव्हा आमच्याकडची बहुतेक पोरं उर्वरित महाराष्ट्रातच फिरायची. २०२०ला ते रद्द झालं आणि एकदम सगळा नकाशा समोर आला. मी तर गोंदिया शाळेनंतर पहिल्यांदाच नकाशात शोधलं.

माझं मन खाजगीकडे. पोरगा डोळ्यासमोर राहील, दर रविवारी घरी जेवेल. फीसाठी खालच्या बागेला गिऱ्हाईकही आलं होतं. बायको म्हणाली, "बागेला हात लावायचा नाही. मामंजींनी कावडीने पाणी घालून जगवलीत ती झाडं." त्यावर तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी मुलानेच गोंदिया वर टाकलं आणि आम्हाला जेवताना सांगितलं.

रत्नागिरीहून मुंबई, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. सोबत आम्ही दोघं. परतताना स्टेशनवर ही रडली नाही, मीच. दोन दिवसांनी फोन आला, "आई, इथे पण चिकार भात पिकतो! पण ते धान म्हणतात." त्यानंतर आमच्या घरी लावणी सुरू झाली की तिकडे 'परे' की काय ते सुरू झाले का हे ती फोनवर विचारते. तिला तेवढंच पुरतं.

मे महिन्यात दोन पेट्या ट्रान्सपोर्टने पाठवल्या. पोचेपर्यंत अर्धा आंबा डागी. पोरांनी तसाच संपवला म्हणे.

आबलीचो बापूस

आमच्या झिलान काय केल्यान म्हायत हा? दोनव कॉलेजा सोडल्यान नि हॉटेल मॅनेजमेंटाक गेलो. आता बोटीर कांदे कापता, पगार माझ्या दुप्पट. माझा पोट दुखला तर मी खंयच्या डागदराक इचारू?

कलमवाला

@आबलीचो बापूस कांद्याचा रस लावा 😂

सेतूच्या रांगेत

ज्यांची मुलं आत्ता फॉर्म भरतायत त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी सोडून द्या.

स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म नीट समजून भरा. आमच्या शेजारच्या मुलीला पहिल्या फेरीत लांबचं कॉलेज लागलं. तिला वाटलं रिटेन केलं की ही जागा राखीव राहते आणि पुढच्या फेरीत जवळचंही मिळू शकतं. उलट आहे. तो भरला की हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. दुसऱ्या फेरीत तिच्यापेक्षा कमी मार्कांच्या मैत्रिणीला जवळचं मिळालं. बिचारी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही.

दुसरं, जातवैधता आणि नॉन-क्रिमी लेयर हातात आहेत का ते आज बघा. मुलगी असेल आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अभिमत विद्यापीठं त्यात धरू नका. हे माहीत नसल्याने घाबरून चांगलं कॉलेज खाली टाकणारे पालक मी स्वतः पाहिलेत. झेरॉक्सचे सेट मोजू नका, जास्तच काढा.

ओरोसची पहिली

मी सिंधुदुर्गच्या सरकारी कॉलेजची पहिली बॅच, २०२१ची. मला पुण्याचं पण एक मिळत होतं. सगळे म्हणाले पुणे सोडून कोण येतं इथे.

पहिली बॅच म्हणजे सिनियर नाहीत. कुणी त्रास देणारं नाही हे खरं, पण कुणी पुस्तक देणारं, विवाला सर काय विचारतात ते सांगणारंही नाही. आम्हीच एकमेकांचे सिनियर. जिल्हा रुग्णालयाला जोडून असल्याने पेशंट मात्र आमच्याच गावचे. वर्गात मराठवाडा, विदर्भातली मुलं पुष्कळ. पहिल्या पोस्टिंगला एक आजी म्हणाली, "अंगात कसर आसा, नि घेरी येता." माझा पार्टनर बीडचा. त्याने हिस्टरीत काय लिहिलं असेल? "पेशंटच्या अंगात कसर, किडा?" मॅडमनी तो कागद सगळ्या युनिटला वाचून दाखवला. मग त्याच्यासाठी मी वहीच केली: कसर म्हणजे बारीक ताप, घेरी म्हणजे चक्कर. तिसऱ्या वर्षी तोच आजीला विचारत होता, "खंय दुखता गो आजये?" आजी खूश, त्यालाच आंबोळी आणून दिली. मला नाही!!

माकडतापाचं, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापाचं, नाव पण मी पुस्तकाआधी घरी ऐकलेलं. काजूत कामाला जाणारे दोडामार्ग-बांद्याकडचे लोक २०१६पासून ओळखतात त्याला. पुण्याला असते तर ते गोचिडीचं एक मार्काचं उत्तर राहिलं असतं.

ड्युटी लागली, जाते. राहिलेलं नंतर

कातळावरचा

वरची ताई म्हणते ते पटलं, पण थोडं थंड पाणी टाकतो. मी मुंबईच्या जुन्या सरकारी कॉलेजातून झालो, आता रत्नागिरी जिल्ह्यात आहे. एका खाटेभोवती आम्ही वीस जण, मागच्याला फक्त पुढच्याचं डोकं दिसायचं. तरीही तिथे जे पाहिलं ते लहान ठिकाणी वर्षभरात एकदा दिसलं तर दिसतं. आकडा मोठा असला की डोळा तयार होतो.

फक्त फुरसं मला मुंबईने शिकवलं नाही. गावात पहिल्या पावसात रात्री अकराला बाई आली, गवत कापताना हाताला चावलेलं. सूज बेताची, बोलत होती नीट. आमच्या कंपाउंडरने न विचारता काचेच्या कोऱ्या नळीत दोन मिली रक्त काढलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं खाली. गोठलंच नव्हतं. लगेच लस सुरू केली. ही चाचणी मी परीक्षेत लिहिलेली होती, पण वीस मिनिटं किती मोठी असतात ते लिहिलं नव्हतं. बाई सहाव्या दिवशी घरी गेली.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं, ते सुरू झालं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि स्वतः ते शिकले नागपूरला. तेव्हा कॉलेज कुठलं यावर भांडत बसणाऱ्यांनी आपलं घड्याळ बघावं.

ओरोसची पहिली

सर थंड पाणी पोचलं 🙂 पण वीस जणांच्या मागे उभं राहून डोळा कसा तयार होतो? आम्ही सहा जण एका खाटेला

कातळावरचा

उंच असल्यामुळे 😀

जिन्याखाली

लिहू की नको असं झालंय. मी नाव मोठं म्हणून लांबचं घेतलं होतं. कॉलेज सांगत नाही. घरचे पेढे वाटून मोकळे झालेले, त्यामुळे फोनवर मजेत आहे असंच सांगायचे. पहिल्या सहा महिन्यांत हॉस्टेलच्या जिन्याखाली बसून जेवायचे, कारण मेसमध्ये कोणाशी काय बोलायचं कळायचं नाही. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी राहिली. ते कळल्यावर आई न सांगता आली. सोबत सुका बांगडा घेऊन! व्हेज हॉस्टेल!! वॉर्डनने वासावरून खोली शोधली. आई वॉर्डनला म्हणाली, "अहो मॅडम, पोर वाळली माझी बांगड्यासारखी, तुम्ही बांगड्याचं काय धरून बसलात." मॅडम हसल्या की. पुढच्या खेपेला पास झाले. आता एमडी करतेय, आणि या खेपेला घराजवळ.

ओटीवरची

@जिन्याखाली बरं केलंस लिहिलंस. तुझ्या आईला नमस्कार सांग.

बांदेकरीण

आमचं गोव्याला चिकटून. आजीचं हृदयाचं सगळं बांबोळीलाच, म्हणजे गोवा मेडिकललाच, झालं, त्यामुळे तो कॉरिडॉर मला आठवीपासून पाठ. २०१९ला अखिल भारतीय कोट्यातून गोवा मेडिकल आणि राज्यातून कोल्हापूर, असं दोन्ही जमत होतं. बांबोळी म्हणजे १८४२ला पोर्तुगीजांनी काढलेल्या वैद्यक शाळेचा वारसा, वगैरे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की कुठला जिना रक्तपेढीकडे जातो.

आणि त्यामुळेच मी कोल्हापूर घेतलं. बांबोळीच्या बाकावर बसून आजीसाठी चार रात्री काढल्या होत्या. त्याच बाकासमोरून पांढरा कोट घालून रोज जायचं, मला जमलं नसतं. घरी मात्र सांगितलं की पुढे पीजीला राज्याचा कोटा सोयीचा पडेल. तेही खरंच आहे म्हणा.

सतारमेकर गल्ली

कोल्हापूरवाल्यांनी आम्हाला क्रिकेटमध्ये हरवलेलं अजून विसरलो नाही

बांदेकरीण

ते आमच्या आधीचे. आम्ही फक्त मिसळ खाल्ली

आबलीचो बापूस

ओटीवरचे बाय, चेडवाचा काय झाला ता सांगा आधी. आमका हय बसवन ठेवलास.

ओटीवरची

सांगते. काल चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला, पुन्हा सड्यावरून. लॉक केलं म्हणाली. काय वर टाकलंस विचारलं तर, "ते लागल्यावर सांगते, नाहीतर तू आत्तापासूनच गाड्यांच्या वेळा काढशील."

मी काढल्यात आधीच. दोन्हींच्या.

ओरोसची पहिली

ड्युटीवरून आले. ताई, ओरोस लागलं तर तिला म्हणावं गादी घरून आणू नको, पावसात वाळत नाही, इथे घे. आणि कसर-घेरीची ती वही पीडीएफ करून ठेवलीये

सेतूच्या रांगेत

मूळ कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत. दोन पिशव्या.