मदत हवी आहे: वृद्धाश्रमात बाबांना भरवायला घरच्यांना का सोडत नाहीत?

रोजची_घाई:
नमस्कार, जरा पटकन मदत हवीय. बाबा म्हापशाजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत. मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांना भरवते, म्हणजे भरवत होते, आता नवीन मॅनेजरबाई आल्यात आणि त्यांनी बोर्ड लावलाय की जेवणाच्या वेळेत नातेवाइकांना वर प्रवेश नाही, भेट फक्त संध्याकाळी 4 ते 6. बाबा तिथल्या मुलींच्या हातून खात नाहीत, ताट तसंच परत जातं, अंगावरचा शर्ट लोंबायला लागलाय. मी म्हटलं मी फुकट मदत करते, बाबांबरोबर शेजारच्या दोन-चार जणांनाही भरवीन, तर म्हणे मग व्हॉलंटियरचा फॉर्म भरा, पोलीस व्हेरिफिकेशन आणा, आणि व्हॉलंटियरला स्वतःच्या माणसाच्या खोलीत काम देत नाही!! महिन्याला पैसे आम्ही भरतो आणि आपल्याच बापाला भरवायला परवानगी? कायद्याने चालतं का हे? कृपया "घरी घेऊन या" हे सोडून काहीही सांगा.

पुणेरी_जावई:
घरी घेऊन या. राग मानू नका, स्पष्ट बोलतो. सासऱ्यांना आम्ही शेवटपर्यंत घरी ठेवलं, चोवीस तासांची बाई ठेवली, सगळं व्यवस्थित झालं.

तिसऱ्यांचं_सुकं:
धागाकर्तीने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट घ्या हो. आणि "आम्ही ठेवलं" म्हणजे नक्की कोणी, तुम्ही की तुमच्या बायकोने?

निवृत्त_मामलेदार:
आधी सांगा, घर कोणाच्या नावावर आहे? गिफ्ट डीड झालंय का? 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा, कलम 23 बघा, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. शिवाय आपल्या गोव्यात वारसांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, बापाने मनात आणलं तरी सगळं एकालाच देता येत नाही. हे लोकांना माहीत नसतं आणि मग भावंडांत कोर्टकचेऱ्या होतात.

रोजची_घाई:
काका, मालमत्तेचा काही वादच नाही. मला दुपारी साडेबाराला आत जायचंय, एवढंच.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
ताई, मी अशाच एका ठिकाणी नर्स आहे (तुमच्या नव्हे, घाबरू नका). थोडी माहिती द्या मग सांगते. बाबांना झालंय काय? गोळ्यांत काही बदल झाला का एवढ्यात? दात आहेत की कवळी? आणि भरवायचं कारण काय, हात चालत नाही की जेवायचं विसरतात?

रोजची_घाई:
मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला होता, सौम्य. डावी बाजू कमी चालते. थोडं विसरतात. कवळी आहे पण सैल झालीय म्हणून घालत नाहीत. तिथलं जेवण म्हणजे वरण, भात, भाजी, ट्रस्टवाले शाकाहारी आहेत. जन्मभर नुस्त्याशिवाय (माशाशिवाय) न जेवलेला माणूस दुधीची भाजी काय खाणार? मी घरून शीत-कडी (भात आणि माशाची कढी) न्यायची, इस्वणाची (सुरमईची) किंवा सुंगटांची (कोळंबीची). ती खायचे! म्हणजे प्रॉब्लेम भुकेचा नाहीच आहे.

म्हापशाचो_पाव:
शाकाहारी आश्रमात हुमण (माशाची कढी) नेत होता?? बोर्ड तुमच्यासाठीच लागलाय मग, वास काय लपतो थोडाच 😄

रोजची_घाई:
जुन्या मॅनेजरला चालत होतं. बाहेरच्या पडवीत बसून भरवायचे, कोणाला त्रास नाही.

पुणेरी_जावई:
या वयात मासे बंदच केलेले बरे. सासऱ्यांना आम्ही नाचणीसत्त्व द्यायचो, दूध घालून, तुकतुकीत होते शेवटपर्यंत.

म्हापशाचो_पाव:
गोव्यातल्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला नाचणीसत्त्व पाजून नुस्तें बंद करा म्हणणारा तुम्ही पहिलाच. आमचा आजोबा 1 जूनला ट्रॉलर बंद झाले की 31 जुलैपर्यंत घरात कोणाशी धड बोलायचा नाही, सुक्या बांगड्यावर दिवस काढायचा. श्रावण वेगळा, तो देवासाठी.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
माशांवरून नंतर भांडा. ताई, जेवताना खोकतात का? पाणी पिताना ठसका? जेवण झाल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का? छातीत कफ कधी झाला होता?

रोजची_घाई:
खोकतात थोडं. जूनमध्ये न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलात ठेवलं होतं, त्याचं आता काही नाही. पण माझा प्रश्न परवानगीचा आहे, तब्येतीचा नाही. आज कोणीतरी सांगा, उद्या मला जाऊन भांडायचंय.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
तब्येतीचाच आहे ताई, म्हणून तर विचारते. झटका, डावी बाजू कमजोर, जेवताना खोकला आणि वर न्यूमोनिया, हे सगळं एका ओळीत ठेवलं की कुठलीही नर्स पहिल्यांदा हेच म्हणेल की गिळताना अन्न श्वासनळीत जातंय का ते बघा. मॅनेजरबाईंनी ती न्यूमोनियाची फाइल वाचली असणार. सांगायची पद्धत वाईट असेल, पण भीती खोटी नाही.

आणि शीत-कडी म्हणाल तर गिळायला सगळ्यात अवघड तीच. पातळ कढीत सुटी शितं, म्हणजे तोंडात एकाच वेळी पाणी आणि घट्ट दोन्ही. कढी आधी घशात उतरते, शितं मागे राहतात, माणसाला दोन्ही सांभाळता येत नाही. नुसती पेज दिली तरी तेच. मासा बंद करायची गरज नाही. भात मऊ शिजवून घोटायचा, हुमण आटवून दाट करायचं, इस्वणाचा काटा काढून मासा कुस्करून त्यातच एकजीव. सुंगटं मात्र चिवट, ती वाटूनच. चव तीच राहते, रूप बदलतं.

भरवताना खुर्चीत ताठ बसवायचं, पलंगावर उशीला टेकवून नाही. हनुवटी किंचित खाली. लहान चमचा, चांगल्या बाजूने, म्हणजे तुमच्या बाबांच्या उजव्या गालाकडून. पहिला घास खरंच गिळला हे बघून मग दुसरा. मध्येच डाव्या गालात बघायचं, तिथे घास अडकून राहतो आणि त्यांना कळत नाही. बोलायला लावायचं नाही, टीव्ही बंद. जेवणानंतर निदान अर्धा तास बसूनच. याला वेळ लागतो, वीस मिनिटांत आटपत नाही, आणि आमच्याकडे एक मुलगी तीन-चार जणांना एकामागून एक भरवत असते. ताट परत जातं ते बरेचदा एवढ्यासाठीच. मुलगी वाईट नसते, पुढचा माणूस वाट बघत असतो.

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, ईएनटीच्या ओपीडीत विचारा, स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या आणि काय चालेल काय नाही ते लिहून आणा. कवळी पण नीट करून घ्या, आणि तिच्यावर नाव घाला, वृद्धाश्रमात कवळी आणि चष्मा जितके हरवतात तितकं दुसरं काही नाही.

भजनी_काका:
सिस्टरांनी छान लिहिलं. पण मला व्हॉलंटियरचा मुद्दा मांडायचाय. आमचा ग्रुप डिचोलीकडच्या एका आश्रमात गुरुवारी भजन करतो, तिथे पण पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं. सत्तर वर्षांच्या माणसांकडून! सेवा करायला गेलेल्यावर संशय? मी तर सांगतो ताई, भजनी मंडळ काढा, तुमचे बाबा रमतील.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
काका, मागायलाच हवं. आत झोपलेल्या माणसांना ओरडतासुद्धा येत नाही, कोण येतंय जातंय हे कोणीतरी बघायला नको? भजन छानच. पण खरं सांगू, आम्हाला 15 ऑगस्ट आणि नाताळचे व्हॉलंटियर नको असतात. केक घेऊन येतात, फोटो काढतात, सगळ्यांना एकेक तुकडा, शुगरवाल्या आजीला दोन कारण ती गोड हसते, आणि संध्याकाळी ग्लुकोमीटर आम्ही धरतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा येऊन पेपर वाचून दाखवणारा एक माणूस बरा. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, तरुण भारत आणि नवप्रभा घेऊन, आधी निधनवार्ता मग बाकीचं, आजोबा मंडळींना तेच हवं असतं.

भजनी_काका:
आम्ही केक नेत नाही. प्रसाद नेतो.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
शिऱ्यात पण साखरच असते काका.

तिसऱ्यांचं_सुकं:
😂😂 बरं, मूळ मुद्दा. ताई, तुम्ही प्रवेश घेताना सही केलेला कागद आहे ना? त्यात भेटीच्या वेळा, बाहेरचं जेवण, याबद्दल काय लिहिलंय? सगळं त्यावर ठरतं. आणि आश्रम सरकारी, म्हणजे प्रोवेदोरियाचा (गोवा सरकारची वृद्धाश्रम चालवणारी संस्था), की खाजगी ट्रस्टचा?

रोजची_घाई:
खाजगी ट्रस्ट. कागद भावाकडे आहे, तो कतारला. फोटो पाठवायला सांगते.

पुणेरी_जावई:
बघा, भाऊ कतारला. म्हणूनच म्हणत होतो.

तिसऱ्यांचं_सुकं:
काय म्हणत होतात? भाऊ कतारला, बहीण नोकरीला, आई (असेल तर) तिचं पण वय झालेलं. त्या चोवीस तासांच्या बाईचा आजचा दर ऐकलाय का? आणि ती गावी गेली की? चवथीला पूर्ण गोव्यात एक बाई मिळून दाखवा, मी तुमचा सत्कार करते.

निवृत्त_मामलेदार:
कायद्याचं विचारलं म्हणून सांगतो. 2007 च्या कायद्यात कलम 19 मध्ये राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान 150 जणांची सोय असलेलं वृद्धाश्रम उभारावं, आणि वृद्धाश्रम कसे चालवावेत त्याची योजना ठरवावी, असं आहे. नातेवाइकाला जेवणाच्या वेळी आत घेतलंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नाही. कलम 24 टाकून देण्याबद्दल आहे, तुम्हाला लागू नाही. तेव्हा वकिलाची नोटीस वगैरे नादाला लागू नका, करारातलं कलम दाखवा आणि ट्रस्टींना लेखी अर्ज द्या. दाद नाहीच मिळाली तर 14567 एल्डरलाइन, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, मार्गदर्शन करतात. तसंच बाबांना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येतात का? येत नसतील तर

रोजची_घाई:
काका थँक्यू, पेन्शन आहे त्यांना. बाकीचं नोट केलं.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
अर्ज लिहाल त्यात "बाकीच्यांनाही भरवीन" हे काढून टाका. तिथेच गाडी अडलीय तुमची. मुलगी म्हणून बापाला भरवणं वेगळं, आणि परक्या माणसाला भरवणं वेगळं, त्याला ठसका लागून काही झालं तर जबाबदार कोण? ते वाक्य ऐकलं की कुठलीही मॅनेजर फॉर्मच पुढे करणार. फक्त बाबांपुरतं मागा. वर खोलीत नको, खाली जेवणाच्या हॉलमध्ये किंवा त्याच पडवीत, आठवड्याचे ठरलेले वार, ठरलेली वेळ. थेरपिस्टचा कागद जोडा. पहिले एक-दोन दिवस त्यांच्या सिस्टरसमोर भरवा म्हणजे त्यांचीही खात्री पटेल. आणि डबा शाकाहारी ठेवायचा की नाही ते त्यांच्याशी सरळ बोला, लपवून नेऊ नका.

अजून एक. तुम्ही नसता त्या वेळच्या घासांचं काय? रात्रीचं जेवण तर त्याच मुली भरवणार. त्या कुठल्या आहेत?

रोजची_घाई:
दोघी झारखंडच्या, एक कारवारकडची. हिंदीत बोलतात बाबांशी. बाबा रागावले की कोकणीत आणि एरवी मराठीत, हिंदी त्यांना टीव्हीपुरती. "पुरो" म्हटलं तरी त्या अजून एक घास घालतात, मग ते तोंड मिटून घेतात आणि रिपोर्ट येतो "पेशंट कोऑपरेट नहीं करता".

सिस्टर_ऑन_ड्युटी:
अगं मग हे आधी सांग ना! एक कागद कर. मोठ्या अक्षरात, हिंदीत, पलंगाच्या डोक्याशी चिकटव. पुरो म्हणजे बस. उदक म्हणजे पानी. तकली फोडटा म्हणजे सिर दुखता है. खाली: उजव्या बाजूने भरवा, डावा गाल बघा, कवळी घातली का बघा, कुठल्या नावाने हाक मारली की वळतात, चहा कसा लागतो. आमच्याकडे एका मुलाने वडिलांसाठी असा कागद केला, त्यात "पूर्वी जत्रेच्या नाटकात राजाचं काम करायचे" असं एक वाक्य होतं. मुली त्यांना "राजासाब खाना खाओ" म्हणायला लागल्या. खायला लागले का ते विचारू नका, कधी खायचे कधी नाही. पण मुली त्यांच्याजवळ थांबायला लागल्या हे मी बघितलंय.

म्हापशाचो_पाव:
इस्वण आटवून कुस्करायचा म्हणजे पाप आहे पण चला. ताई चणक पण घेऊन बघा, काटा मोठा, मांस मऊ, कुस्करायला बरा पडेल. शुक्रवारच्या बाजारात सकाळी लवकर जा, दहानंतर टुरिस्ट भाव.

रोजची_घाई:
अपडेट. भावाने कागदाचा फोटो पाठवला. त्यात "भेटीच्या वेळा व्यवस्थापन ठरवेल" असं आहे, पण खाली "विशेष परिस्थितीत लेखी परवानगीने" हेही आहे. ट्रस्टींना मेल केलाय. बाबांची ईएनटीची तारीख पुढच्या आठवड्यात. मॅनेजरबाईंशी बोलले, तोपर्यंत सोमवार आणि गुरुवार पडवीत भरवा म्हणाल्या, सिस्टर सोबत असेल तरच, आणि मासा नाही. मासा नाही हे मला पटलेलं नाही, त्यावर मी अजून बोलणार आहे. कागद चिकटवला. रोज मिळायला हवं होतं पण असो.

पुणेरी_जावई:
दोन दिवस तर मिळाले. नाचणीसत्त्व शाकाहारी असतं, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तिसऱ्यांचं_सुकं:
🙏

निवृत्त_मामलेदार:
मेलची पोच घ्या. ट्रस्टच्या ऑफिसात प्रिंट देऊन शिक्का मारून घेतला तर उत्तम, मेल बघितलाच नाही म्हणायला मोकळे असतात.

पेडण्याची_आते:
नमस्कार, धागा आत्ता वाचला. हा आश्रम कुठला ते सांगू शकाल का? माझ्या आतेसाठी जागा बघतेय, चालता येतं, पण रात्री उठून दार उघडून बाहेर जाते. महिन्याचे किती घेतात?

सिस्टर_ऑन_ड्युटी:
रात्री बाहेर जाते म्हणजे कधीपासून? अचानक सुरू झालं असेल तर आश्रम नंतर, आधी लघवी तपासून घ्या, इन्फेक्शनने पण म्हातारी माणसं अशी भ्रमिष्ट होतात. वेगळा धागा काढा, आणि वय, औषधं, सगळं लिहा हो पहिल्याच वेळी.