मदत हवी आहे: १९८७ ची पद्मिनी, काकूंना किती म्हणू?

नमस्कार मंडळी, नागपूरचाच आहे, लक्ष्मीनगर. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या लाईनीत एक काकू राहतात, त्यांच्या पोर्चमध्ये कव्हरखाली १९८७ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. पांढरी, पेट्रोल, स्टिअरिंगवर गिअर. काकांनी नवी घेतलेली, एकच मालक. तेव्हा सगळी कॉलनी मारुती ८०० च्या मागे लागली होती आणि काका म्हणायचे टिनाच्या डब्यात मी बसणार नाही. आता काका नाहीत, गाडी तर त्यांच्या आधीच बंद पडली होती. काकूंना वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे म्हणून पोर्च मोकळा करून राहिल्या आहेत, आणि त्यांनीच मला विचारलं की तू घेतोस का रे, नाहीतर भंगारवाला रोज बेल वाजवून राहिला.

घ्यायची तर आहे. अडलं आहे आकड्यावर. भंगारवाला २२ हजार म्हणतो. काकूंचा मुलगा पुण्याला असतो, त्याने नेटवर कुठेतरी साडेचार लाखाची पद्मिनी पाहिली आणि आईला सांगून ठेवलं की सव्वादोनच्या खाली बोलायचंच नाही. आमचा ओळखीचा मेकॅनिक गाडी न बघता फोनवरच म्हणाला लाखभर देऊन टाक. आता २२ हजार आणि सव्वादोन लाख यांच्या मधे माणसाने उभं कुठे राहायचं?

काकूंना फसवायचं नाही, रोज तोंड दिसतं एकमेकांचं, आणि स्वतःही फसायचं नाही कारण घरी या विषयावर वातावरण आधीच तापलेलं आहे.

गाडीचं थोडक्यात: इंजिन हाताने फिरतं, जाम नाही. बॅटरी मेलेली, चारही टायर दगड झालेत, ब्रेक पेडल तळाला जातं. सीटचं रेक्झिन फाटलंय पण डॅशबोर्ड, हॉर्नची रिंग, चारही व्हील कप, डिक्कीतला जॅक-पाना सगळं जागेवर. आरसी बुक आहे, जुना तीन अक्षरी नंबर आहे, रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल २०१७ ला संपलं. गाडी अजून काकांच्याच नावावर आहे. एक जण म्हणाला व्हिंटेजमध्ये, म्हणजे जुन्या दुर्मिळ गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत टाक, कागदाची कटकटच नाही. खरं आहे का हे? आणि मुख्य म्हणजे किंमत काढायची कशी, काही हिशेब असतो का की नुसतं अंगठा वर करून सांगायचं?

कुर्ला टू कर्जत:
माझ्याकडे ८९ ची आहे म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, जाहिरातीतला आकडा हा मागितलेला आकडा असतो, मिळालेला नाही. २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पेपरात फोटो आले, तेव्हापासून ज्याच्या दारात पद्मिनी त्याला वाटतं लॉटरी लागली. साडेचारची ती जाहिरात मुलाला रोज बघायला सांग, महिनोन् महिने तिथेच दिसेल.

हिशेब उलटा कर. रस्त्यावर चालती, पत्रा चांगला, कागद क्लिअर अशी पद्मिनी तुझ्या हातात किती रुपयांना आली तर तू खुश असशील? माझ्या ओळखीत असे सौदे अडीच-पावणेतीनला झाले आहेत, शोपीस सोड. त्यातून ही गाडी तिथपर्यंत न्यायला लागणारा खर्च वजा कर, वर त्या खर्चाचे दहा टक्के न दिसणाऱ्या कामांसाठी काढ. उरेल ती किंमत. काकांची आठवण त्यात धरायची नाही, तुझी हौस पण नाही.

आणि काकूंना हात जोडून सांग की विकायच्या आधी रंग मारू नका. लोक वीस हजारात चकाचक करून आणतात आणि मग खाली काय दडलंय ते कळायला मार्ग राहत नाही. ओरिजिनल फिका रंग असलेल्या गाडीला मी दोन पैसे जास्त देईन.

संत्री_सावजी:
भाऊ मी कामठी रोडले गॅरेजवर बसतो, फियाट (पद्मिनीलेच आम्ही फियाट म्हणतो) लई पाह्यल्या. इंजिनचं टेन्शन घेऊ नको, १०८९ सीसीचं साधं इंजिन हाय, रिंगा अन् बोअर करून कोणीबी जुना मिस्त्री उभं करते. खरा पैसा पत्र्यात जाते. या गाडीले वेगळी चासी नाही, बॉडीच चासी हाय, म्हणून फ्लोअर अन् दरवाज्याखालची पट्टी सडली तं समज गेली. चुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून दरवाज्याच्या खालून, चाकाच्या कमानीवरून, डिक्कीच्या तळावरून फिरव. जिथं चिपकत नाही तिथं पुट्टी भरेल हाय. मॅट उचल, पेचकसानं हलकेच टोच. बॅटरीच्या खालचा पत्रा तं नक्की पाह्य, ॲसिडनं खाल्ला असते.

नागपूरची गाडी हाय हे तुह्यं नशीब, मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा पत्रा चांगला निघन. पण मे महिन्यात ४५ मध्ये सिग्नलले उभी राह्यली की पेट्रोल लाईनमध्येच वाफ होते अन् गाडी बंद. जुने लोक इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवत. हे किमतीत नाही येत, पण तुले माहीत पाह्यजे.

किंगपिन पाह्य, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळते तो. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलव, खडखड आली तं तो खर्च वेगळा. ब्रेक चारही ड्रम, सिलिंडर सगळेच नवे टाक, कंजूषी नको.

टेबलाखालून:
कागदांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, इथेच लोक मार खातात.

व्हिंटेज विसरा. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली गाडीच बसते, म्हणजे ही २०३७ ला. शिवाय त्या नंबरवर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, रॅली-प्रदर्शन, दुरुस्ती-पेट्रोल एवढंच.

तेव्हा नेहमीच्या रस्त्याने जायचं. मालक वारले म्हणून आधी फॉर्म ३१ वर काकूंच्या नावाने ट्रान्सफर, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून. मुलगा पुण्यात आहे म्हणता, मुलगी असेल तर तिचीही सही लागेल. त्यानंतर फॉर्म २९-३० वर तुमच्या नावावर. दर पाच वर्षांचं रिन्यूअल राहिलेलं आहे, २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १०,००० झाली आहे, आणि उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. किती महिन्यांचे धरतात ते गिरीपेठला आरटीओत खिडकीवरच विचारा, पण चाळीस-पन्नास महिने धरले तरी २०-२५ हजार झाले. पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, हे वेगळं. आणि सगळ्यात आधी बघा की ही गाडी सरकारच्या ऑनलाईन ‘वाहन’ सिस्टिममध्ये दिसते का. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्या चढवलेल्याच नाहीत, मग बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या बुकाची ऑनलाईन नोंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं पानच हलत नाही.

चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून साफ करा, पेन्सिलने छाप घ्या, आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि बुकात नोंद नसेल तर ऑफर निम्मी करा किंवा घरी या.

वऱ्हाडी_ठेचा:
त्याच पैशात सेकंडहँड वॅगनआर येते भाऊ. एसी पण आहे. चालू द्या तुमचं.

धागाकर्ता:
वॅगनआर घरात आहे, बायकोची 🙂

सगळ्यांचे आभार. चुंबक घेऊन जाऊन आलो. काकूंनी चहा केला आणि मी गाडीखाली आडवा, त्या वरून विचारून राहिल्या की पडलं का काही. फ्लोअर ड्रायव्हरच्या बाजूला तळहाताएवढा गेला आहे, बॅटरीखालचा पत्रा गेलाच आहे, डावा मागचा दरवाजा खालून पुट्टीचा. बाकी चुंबक सगळीकडे चिपकलं. दोन्ही नंबर बुकाशी जुळले. किंगपिनमध्ये खडखड आहे. आणि ग्लोव्ह बॉक्समधून जुन्या बिलांची अख्खी पिशवी निघाली, काकांनी प्लगसुद्धा कधी बदलला ते लिहून ठेवलं आहे.

हिशेब असा मांडला: चालती गाडी अडीच लाख. पत्रा आणि रंग ७० हजार. ब्रेक, टायर, किंगपिन मिळून ४०. इंजिन उघडावं लागलं तर २५. वायरिंग, बॅटरी, पेट्रोल लाईन १५. कागद ४०. झाले १ लाख ९०. न दिसणारा खर्च दहा टक्क्यांनी १९. उरले ४१ हजार. आता सव्वादोन मागणाऱ्या घरात ४१ हजार म्हणायचं तर चहासुद्धा परत मागतील. कुठे चुकतंय का?

कुर्ला टू कर्जत:
दोन ठिकाणी हात आखडता घेतलास. सत्तरचा पत्रा-रंग म्हणजे पूर्ण गाडी रंगवणार, तुला एवढ्या सडण्याला तेवढं लागत नाही. फ्लोअरला तुकडा लाव, दरवाजा कर, बाकी ओरिजिनल रंग पॉलिश करून ठेव, ३५ धर. हौसेचा रंग तुझ्या खिशातून, काकूंच्या किमतीतून नाही. दुसरं म्हणजे एक मालक, जुळणारे नंबर, सगळे व्हील कप आणि बिलांची पिशवी. व्हील कप शोधायला मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किती धूळ खाल्ली ते माझं मला माहीत. अशा गाडीची चालती किंमत अडीच नाही, पावणेतीन धर. तुझा आकडा लाखाच्या आसपास येतो बघ.

पेट्रोल लाईनचे पाईप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा मात्र नवीनच टाक, आता पंपावर सगळीकडे इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात टिकत नाही.

टेबलाखालून:
मी एक नाही, दोन आकडे सांगितले असते. आहे तशी, कागद तुम्ही करणार, तर अमुक. काकूंनी स्वतःच्या नावावर करून, रिन्यूअल भरून दिली तर अमुक अधिक ४०. मुलाला वाटतं ना आईचं नुकसान होतं, मग त्याला एक रजा टाकून आरटीओत उभं राहू द्या. कागदाचा खर्च कुणाच्या डोक्यावर ते त्याने ठरवावं, तुमचं त्यात काही जात नाही.

धागाकर्ता:
हे पटलं. काकूंसमोर कागदावर सगळा खर्च लिहून दाखवला, त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. आहे तशी ९५ हजार, कागद पूर्ण करून दिले तर १ लाख ३५. मुलाशी स्पीकरवर बोलणं झालं. आधी तो त्या साडेचारच्या जाहिरातीवर बोट ठेवून सव्वादोनवर अडून होता, मग मी म्हटलं दादा ती साडेचारवाली अजून विकली गेली नाही, आजही आहे तिथेच. गप्प झाला. शेवटी म्हणाला कागद तुम्हीच करा, एक लाख पाच द्या. मी एक लाख म्हटलं. काकू म्हणाल्या झालं आता, एक लाख, आणि ते कव्हर पण घेऊन जा.

आता प्रश्न एवढाच की टोकन किती द्यायचं आणि गाडी आत्ताच नेऊ का नावावर झाल्यावर?

टेबलाखालून:
टोकन १० हजार, काकूंच्या खात्यात चेकने, कॅश नको. साध्या कागदावर लिहून घ्या की फॉर्म ३१ ला सगळे वारस सही करतील आणि काही कारणाने झालं नाही तर टोकन परत. बाकी रक्कम गाडी काकूंच्या नावावर आली की.

संत्री_सावजी:
अन् गाडी आणाची तं क्रेनवर आण भाऊ. इन्शुरन्स नाही, ब्रेक नाही, ढकलत ढकलत नको आणू. किंगपिनचा मिस्त्री मी सांगतो, पत्ता लिहून ठेव.