‘वीस टक्के अभ्यासात ऐंशी टक्के गुण’ या सल्ल्याला उत्तर

कोरा चहा: राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमाचा मोजका वीस टक्के भाग पक्का केला की ऐंशी टक्के गुण मिळतात, असा सल्ला काल येथे देण्यात आला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहावे लागत आहे. गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी इटालियन अर्थशास्त्रज्ञ पॅरेटोच्या नावाने हे सूत्र कारखान्यांत रुजवले, तेव्हा झालेले दोष आधी मोजले जात आणि मग मोजकी कारणे निवडली जात. परीक्षेत निवड आधी करायची असते आणि मोजणी निकालानंतर होते. सीसॅटचे, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरचे, गुण पूर्वपरीक्षेच्या गुणवत्तेत धरले जात होते, तोवर अनेकांचे ‘मोजके’ तेच होते; तो पेपर 33 टक्क्यांपुरता पात्रतेचा झाला आणि सारी मेहनत वाया गेली.

रात्रपाळी: मागील प्रश्नपत्रिका ही मोजणी नव्हे, तर काय आहे? नोकरी सांभाळून केवळ राज्यव्यवस्था, भूगोल आणि अर्थशास्त्र यांच्या बळावर मी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालो. ज्यांना घरच्या पैशांवर दिवसभर अभ्यासिकेत बसता येते, त्यांनी आम्हांला ‘निवड करू नका’ असे सांगणे शोभत नाही.

कोरा चहा: मुख्य परीक्षेचे काय झाले, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे.

रात्रपाळी: राहिलो. समाधान झाले असेल, तर मुद्द्यावर यावे.

सदाशिव पेठकर: मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याच्या, पद्धतीमुळे हा वादच शिळा झाला आहे. ती 2025 पर्यंत लांबवावी म्हणून 2023 च्या सुरुवातीला पुण्यात आंदोलन झाले, तेव्हा मी रस्त्यावर होतो. आणि ज्या क्लासने आम्हांला बहुपर्यायी परीक्षेच्या ‘हमखास’ नोट्स विकल्या होत्या, त्यानेच पुढे उत्तरलेखनासाठी नव्याने शुल्क घेतले. आता मोजके काय, हे आयोगानेच ठरवून दिले आहे: 500 गुणांचा वैकल्पिक विषय.

जुना खोंड: लेखी परीक्षेच्या 1750 गुणांपैकी 500 म्हणजे तीस टक्केही नव्हेत. सामान्य अध्ययनाचे चार पेपर मिळून 1000 गुण आहेत, आणि आपण त्यांनाच फुटकळ ठरवत आहात.

सदाशिव पेठकर: बेरीज आम्हांलाही येते. माझ्या मित्रांच्या गुणपत्रिकांत सामान्य अध्ययनाचे गुण जवळपास सारखे आहेत. फरक पडला तो निबंधात आणि वैकल्पिक विषयात.

जुना खोंड: चार मित्रांच्या गुणपत्रिकांवरून सिद्धान्त मांडायचा असेल, तर क्लासवाल्यांना दोष देऊ नये.

रात्रपाळी: मुख्य परीक्षेपुरते आपण सारे महर्षी आहात, हे मान्य. पूर्वपरीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण वजा होतात, त्यामुळे न वाचलेल्या भागावरचे प्रश्न सोडून देणेच परवडते, या मतावर मी ठाम आहे.

कोरा चहा: शंभरांपैकी किती सोडलेत, तेवढे सांगावे.