पॅरिसच्या फायनलचं खापर लिव्हरपूलवाल्यांवर का फोडता?

कोल्हापुरी_कॉप: परवा एकाने लिव्हरपूल-रिअल माद्रिद चॅम्पियन्स लीग फायनलबद्दल लिहिलं, "२०२२ ला लिव्हरपूलवाले तिकिटाशिवाय घुसले म्हणून मॅच लांबली." डोकंच फिरलं. अरे, ३६ मिनिटं उशीर, आणि स्टेडियमच्या बोर्डावर काय, तर प्रेक्षक उशिरा आले! लोक दोन-दोन तास आधीपासून रांगेत होते. पॅरिसच्या आरईआर लोकलच्या बी लाइनवर संप, सगळी गर्दी डी लाइनने येऊन एकाच अरुंद बोगद्यात, तिथे पोलिसांच्या गाड्या आडव्या लावलेल्या. वर लहान पोरांच्या डोळ्यात अश्रुधूर. फ्रान्सचे तेव्हाचे गृहमंत्री दार्मानँ म्हणाले ३०-४० हजार लोक तिकिटाविना नाहीतर खोटं तिकीट घेऊन आलेले. गेटवर खोटी सापडली किती? २,५८९. शेवटी युएफाने, म्हणजे फायनल भरवणाऱ्या युरोपच्या फुटबॉल संघटनेनेच, नेमलेल्या समितीने मुख्य दोष युएफावर टाकला.

माद्रिदवाला_पुणे: अडीच हजार काय कमी झाली का? आणि आम्ही मॅच जिंकलो ते कधीतरी बोला. आमचा गोलकीपर कुर्तुआने ९ सेव्ह केले. हाफटाइमच्या आधी आमच्या बेन्झेमाचा गोल रद्द केला, बॉल तुमच्या फाबिन्योला लागून आलेला, तो ऑफसाइड कसा?

कोल्हापुरी_कॉप: विषय काय, तू बोलतोस काय. फाबिन्योने बॉल मुद्दाम खेळला असता तर ऑफसाइड सुटला असता; खेळलाच नाही, लागला फक्त.

माद्रिदवाला_पुणे: लागला? स्लो मोशनमध्ये बघ, सरळ बॉलवर पाय घालतोय. व्हीएआरवाल्यांनी (व्हिडिओ बघणाऱ्या रेफरींनी) तीन-साडेतीन मिनिटं घातली, इतकं उघड होतं तर वेळ कशाला लागला?

कोल्हापुरी_कॉप: नियम वाच आधी, मग शिकव.

डोंबिवलीची_मीनल: तुमचा ऑफसाइड ठेवा बाजूला. मी एकदा एका स्टेशनच्या पुलावर अडकले होते, भर पावसात. समोरच्या माणसाची सॅक छातीत रुतलेली, हात वर निघेना, चपलेचा अंगठा तुटला तरी वाकता येईना. खाली उतरले तर एकजण म्हणतो, "घाई कशाला करता तुम्ही लोक?" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलवाल्यांचे ९७ जीव गेले तेव्हाही आधी प्रेक्षकांनाच दारुडे ठरवलं होतं ना?

माद्रिदवाला_पुणे: ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. गेटचं मान्य. आमच्या लोकांनाही बाहेर टोळक्यांनी लुटलं, ते कोणी लिहीत नाही. आणि सीसीटीव्हीचं फुटेज सात दिवसांत पुसलं गेलं, त्याचा मलाही राग आहे. पण तो गोल होता. मरेपर्यंत म्हणेन.

कोल्हापुरी_कॉप: गोलाचं भांडू नंतर, रात्रभर भांडू. ते तिकिटाशिवाय घुसलेचं वाक्य लिहिणारा तुझाच मित्र आहे, आधी त्याला ते मागे घ्यायला सांग.