आउटसाइड बॉलसाठी वेगळा स्विंग शिकवावा का?

एकच_स्विंग

तीन टी (बॉल ठेवायचे खुंट) मांडायचे, इनसाइड (अंगाजवळचा), मधला आणि आउटसाइड (अंगापासून लांबचा), आणि प्रत्येकावर वेगळा स्विंग घोटून घ्यायचा, हा प्रकार फास्टपिचच्या (हात खालून फिरवून वेगात बॉल टाकायच्या सॉफ्टबॉलच्या) सरावात सर्रास चालतो. माझं म्हणणं: टी तीन असू द्या, स्विंग एकच हवा.

हिशेब बघा. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर 43 फूट. पिचर (बॉल टाकणारी) झेप घेऊन बॉल सोडते तेव्हा 37 फुटांच्या आसपास उरतात. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला 88 फूट; बॉल साधारण 0.42 सेकंदात प्लेटवर (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीवर). त्यातले 0.15 ते 0.2 सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरलेल्या वेळात बॉल ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि वर "आता कुठला स्विंग?" हेही ठरवायचं? जमणार नाही.

तशी गरजही नाही. इनसाइड बॉल पुढच्या पायाच्या 6-8 इंच पुढे भेटायला हवा, आउटसाइड बेंबीच्या रेषेच्या जरा पुढे. फरक फार तर दीड फुटाचा, आणि तेवढं अंतर बॉल 0.017 सेकंदात कापतो. चांगल्या स्विंगमध्ये बॅट तेवढ्यात 30 अंशांच्या आसपास फिरते. म्हणजे त्याच स्विंगमध्ये बॉल उशिरा घेतला की बॅरल (बॅटचा जाड भाग) आपोआप ऑपोझिट फील्डकडे (उजव्या हाताच्या बॅटरसाठी उजवीकडे) तोंड करून असतं. उंचीचा प्रश्न हिपमधून झुकून सुटतो: खालच्या बॉलला धड जास्त झुकतं, वरच्याला कमी. हात खाली नेऊन बॉल गाठायला गेलं की बॅरल आधी पडतं आणि ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) तरी जातो, नाहीतर बॉल वरच्या वर उडतो.

टीवाली

हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. 17 मिलिसेकंदांचा फरक बॅटर जाणूनबुजून करू शकत नाही, म्हणूनच तो अंगात मुरवावा लागतो. "आपोआप" होतं ते मुरलेल्या खेळाडूचं. नवशिकीचं आपोआप काय होतं? आउटसाइड बॉल दिसला की पुढचा खांदा आधीच उघडतो, बॅरल बॉलला वळसा घालून येतं, मनगटं वेळेआधी पलटतात आणि उजव्या हाताची बॅटर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरला) मिळमिळीत ग्राउंडर देते. मैदान कुठलंही असो, फटका हाच.

म्हणून आउटसाइडचा टी वेगळा शिकवायलाच हवा. एकच गोष्ट बघायची: बॅट बॉलला लागेपर्यंत पुढचा खांदा मिटलेला आहे का. आणि क्रिकेटमधून येणाऱ्या मुलींचा पाय बॉलच्या रेषेत जातो, ती सवय इथे नडते. स्ट्राइड (पुढच्या पायाचं पाऊल) पडून जाते तेव्हा बॉल कुठे येणार हे पुरतं कळलेलंच नसतं. स्ट्राइड दर वेळी एकाच दिशेला, पिचरकडे.

एकच_स्विंग

@टीवाली, मिटलेला खांदा मान्य. पण तो इनसाइडलाही तेवढाच हवा! तिथे खांदा लवकर उघडला, हात अंगापासून लांब गेले, की बॉल मुठीजवळ लागतो आणि हात झिणझिणतात. मग यात वेगळं काय शिकवलंत? बॉल किती मागे येऊ द्यायचा, एवढंच. त्याला मी स्विंग म्हणत नाही, वेळ म्हणतो.

कॅचरची_नजर

दोघंही 17 मिलिसेकंदांवर भांडताय. चेंजअपचं (मुद्दाम संथ टाकलेल्या बॉलचं) काय? ताशी 45 मैलांचा चेंजअप त्याच 37 फुटांना 0.56 सेकंद घेतो. 60 च्या बॉलपेक्षा 0.14 सेकंद उशीर, तुमच्या इन-आउटच्या आठपट. पिचर लोकेशनवर कमी आणि वेगावर जास्त फसवते.

त्यामुळे दोन स्ट्राइक (चुकलेले किंवा सोडलेले योग्य बॉल; तीन झाले की आउट) होईपर्यंत प्लेटचा अर्धा भाग निवडा, इन किंवा आउट, आणि दुसऱ्या अर्ध्यावरचा स्ट्राइक खुशाल जाऊ द्या. प्लेट 17 इंचांची आहे. सगळी राखायला गेलात तर काहीच राखलं जात नाही. दोन स्ट्राइकनंतर प्लेटच्या थोडं जवळ सरका आणि बॅटच्या दांड्यावर हात इंचभर वर सरकवा.

एक नेहमीचा घोळ. बॅटचं टोक प्लेटच्या बाहेरच्या कडेला टेकलं की पोहोच झाली, असं समजतात. टोकाला लागलेला बॉल जात नाही; बॅटचा जोर टोकापासून साधारण 5 ते 7 इंच आत. तो भाग कडेवर यायला हवा, म्हणजे टोक कडेच्या पलीकडे जायला हवं. तेही स्विंगमध्ये जेवढं झुकता तेवढंच झुकून मोजायचं, कमरेत घडी घालून नाही.

ड्रॉप बॉल (प्लेटजवळ खाली पडणारा) टाकणारी असेल तर बॉक्समध्ये (बॅटरच्या आखलेल्या चौकटीत) पुढे उभं राहा, बॉल पुरता पडायच्या आत गाठता येतो. मात्र रेषा सांभाळा. फटका मारताना पाय पूर्ण बॉक्सबाहेर टेकलेला असला तर आउट.

एकच_स्विंग

दोन फूट पुढे म्हणजे 0.023 सेकंद गेले. वेगवान पिचरसमोर हे महाग पडतं. ड्रॉपवाली संथ असेल तर ठीक, एरवी मी मागेच उभं करेन.

सपाट_बॅरल

राइज बॉलचं (वर चढल्यासारख्या वाटणाऱ्या बॉलचं) नाव कुणीच काढलं नाही, आणि "एकच स्विंग"चं खरं दुखणं तिथेच आहे. बरेच प्रशिक्षक बेसबॉलचा वर चढणारा स्विंग जसाच्या तसा उचलतात. बेसबॉलचा पिचर उंचावरून टाकतो, बॉल उतरत येतो, म्हणून चढती बॅट त्याच्या वाटेवर बराच वेळ राहते. फास्टपिचमध्ये बॉल सुटतो मांडीजवळून. राइज बॉल चढत येतो किंवा जवळपास सपाट. उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो, म्हणून तो "उडी मारतो" असं वाटतं. चढती बॅट त्याला नुसती ओलांडून जाते, बहुतेकदा खालून. नशीब असेल तर पॉपअप (वरच्या वर उडालेला बॉल).

मग वरच्या बॉलला बॅरल सपाट हवं आणि गुडघ्याजवळच्या ड्रॉपला थोडं चढतं. हा बदल फक्त झुकण्यातून येतो का? बराचसा येतो. सगळा येतो असं मला वाटत नाही. आणि छातीच्या वरचा राइज मुळात सोडायचाच असतो.

टीवाली

@सपाट_बॅरल, सोडायचा हे बरोबर, पण तेही शिकवावं लागतं, आणि टीवर ते शिकवता येत नाही. टीवरचा बॉल कुणी सोडत नाही. त्यासाठी 20 फुटांवरून जाळीआडून फ्रंट टॉस (समोरून हळू टाकलेले बॉल), त्यात मुद्दाम तीनात एक बॉल वर.

@एकच_स्विंग, तुमचा "वेळ" मी मान्य करते, एका अटीवर: टी नीट ठेवा. बहुतेक जण प्लेटच्या मध्यावर टी रोवतात आणि बॅटर बॉक्समध्ये पुढे उभी राहते. मग "मधला" बॉल तिच्या पोटाशी येतो आणि हात आखडायची सवय लागते. आधी स्ट्राइड घ्यायला लावा, पुढचा पाय पडेल तिथे खडूने खूण करा आणि टी त्या खुणेवरून मोजा. प्लेट बघूच नका.

एकच_स्विंग

खूण मान्य. दर 10 फटक्यांनी पुन्हा करा, थकवा आला की स्ट्राइड लांबते. वेगळा स्विंग अजूनही अमान्य.