मुलाचे नाव ‘धोंडू’ ठेवावे का? जुन्या नावांच्या अर्थाविषयी विचारणा

पाळण्याची दोरी
आमचा मुलगा आठव्या महिन्यातच जन्मला आणि पहिले १९ दिवस काचेच्या पेटीत होता. आता तो घरी आला असून येत्या रविवारी बारसे आहे. त्याच्या आधीची आमची दोन बाळे राहिली नाहीत, म्हणून माझ्या आजेसासूबाईंनी त्याला ‘धोंडू’ म्हणायला सुरुवातही केली आहे. सकाळी तेल लावताना त्याचे इवलेसे पाऊल तळहातावर धरून त्या हेच नाव घेतात. त्यामागची माया मला कळते, परंतु पुढे शाळेत मुले चिडवतील अशी भीतीही वाटते. नातेवाइकांनी ‘रेयांश’, ‘कियान’ अशी नावे पाठवली आहेत. आजींच्या भावनेचा मान राहील आणि ज्याचा अर्थ मुलाला खात्रीने सांगता येईल, असे वेगळे नाव कृपया सुचवावे.

गोदाकाठ
ताई, प्रथम बाळाला अनेक आशीर्वाद. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नव्या बाळाला मुद्दाम हलके नाव देत, म्हणजे त्याच्यावर कुणाची दृष्ट पडू नये आणि मृत्यूनेही त्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे. धोंडू आणि दगडू ही दगडावरून आलेली नावे, केरबा केरावरून, उकिरडा तर उघडच आहे. देवाकडे किंवा दारोदार भीक मागून मिळालेला तो भिकाजी, आणि मुलगी आहे असे भासवण्यासाठी ज्याचे नाक टोचून नथ घातली तो नथू. ऐकायला ही नावे ओबडधोबड वाटतात, पण त्यांतल्या प्रत्येकामागे एक घाबरलेली आई उभी आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटतात. अधिक मासाला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, त्यामुळे त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही कधी धोंडू, तर कधी त्या मासाच्या देवावरून पुरुषोत्तम म्हणत.

चिडवण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटले, १९५८ साली भारतरत्न झाले आणि १०४ वर्षे जगले.

जुनी बखर
‘धोंडो’ आणि ‘धुंडिराज’ यांत अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून लिहितो. धुंडिराज हे काशीच्या ढुंढिराज गणपतीचे नाव असून त्याचा संबंध दगडाशी नव्हे, तर शोधण्याशी, आपल्या ‘धुंडाळणे’ या क्रियापदाशी आहे. दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज होते. आजींना हाक मारायला ‘धुंडू’ जवळचे वाटेल आणि दाखल्यावर धुंडिराज शोभेल.

‘कियान’ फारसी आहे, इराणच्या पुराणकथांतील कयानी राजांशी त्याचे नाते आहे. नाव चांगले आहे, फक्त ते संस्कृत म्हणून सांगू नये. ‘रेयांश’मधील ‘अंश’ कळतो, पण ‘रेय’चा सरळ अर्थ लागत नाही. तसाच नाद हवा असेल तर ‘श्रेयांस’ घ्यावे, ते जैनांच्या अकराव्या तीर्थंकरांचे नाव आहे.

कऱ्हेपठार
आमच्या भागात घरोघरी खंडोबाची नावे आढळतात. मल्ल दैत्याचा अरी म्हणून मल्हारी, आणि त्यावरून मल्हार. तुमच्या बाळासाठी मात्र मला ‘मार्तंड’ सुचवावेसे वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७२व्या सूक्तात अदितीच्या आठ पुत्रांचा उल्लेख आहे. सात पुत्रांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठव्या मार्तंडाला तिने दूर टाकले, परंतु पुढे त्याला परतही आणले. ‘मृत’ आणि ‘अंड’ या शब्दांतून हे नाव आले आहे. शतपथ ब्राह्मणातल्या कथेत हा आठवा पुत्र जन्मतो तेव्हा त्याला हातपायसुद्धा नसतात, तो नुसता गोळा असतो. त्याचे भाऊ त्याला घडवून आकार देतात आणि तोच विवस्वान, म्हणजे सूर्य होतो. नावाच्या मुळाशी ‘मृत’ शब्द आहे हे काहींना खटकेल, हे मी जाणतो. तरीही ज्याची आशा सोडली होती तोच सूर्य झाला, ही कथा काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळाची आहे, असे मला मनापासून वाटते. जेजुरीचा खंडोबा हाही मार्तंड भैरवच.

पाळण्याची दोरी
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मार्तंडाची कथा आजेसासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग बाळाच्या अंगावरची दुपटी सारखी करत म्हणाल्या, “कागदावर मार्तंड ठेवा. आत्याने कानात तेच सांगावं. पण पाळण्यात घातल्यावर पहिली हाक मी मारणार, आणि ती धोंडूच असेल.” रविवारी तसेच करायचे ठरले आहे.