इंग्लंडमधल्या कंट्री हाउसमध्ये लग्न : तुमचे अनुभव लिहा

भाचीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डशायरच्या बाजूला करायचं घाटतंय. मंदिराचा हॉल लहान पडतो, हॉटेल दोघांनाही नको आहे, आणि एखादं जुनं कंट्री हाउस अख्खं दोन दिवस घ्यावं अशी त्यांची फार इच्छा आहे. एक्सक्लुझिव्ह यूज म्हणजे घर, बाग, राहायच्या खोल्या सगळं तेवढे दिवस एकाच कुटुंबाकडे. बाहेरचा पाहुणा नाही, शेजारच्या दालनात दुसरं लग्न नाही. मला ही कल्पना मनापासून पटली आहे. सीमांतपूजन, हळद, लग्न आणि लक्ष्मीपूजन एकाच छपराखाली, घाई न करता करायला मिळणं आता आपल्याकडेही दुर्मीळ झालंय.

ही घरं लग्नांना मिळू लागली ती १९९५ पासून. त्याआधी इंग्लंड-वेल्समध्ये कायदेशीर लग्न बहुतेक चर्चमध्ये, नोंदणी कार्यालयात किंवा नोंदणी झालेल्या प्रार्थनास्थळातच होई. १९९४ च्या मॅरेज ॲक्टने इतर जागांनाही परवाना मिळण्याची सोय केली आणि छपरांच्या दुरुस्तीने मेटाकुटीला आलेल्या मालकांना उत्पन्नाचं साधन मिळालं.

माझं मत असं, की फोटो बघायच्या आधी आपल्या विधींची यादी करावी आणि ती यादी ज्या घरात नीट बसते ते घर घ्यावं. पण ज्यांनी हे निभावलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

नवरीची आई, वॉरिकशायर

ताई, पहिला प्रश्न अग्नीचा विचारा, भाड्याचा नंतर.

इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींपैकी सगळ्यात वरचा दर्जा असलेल्या, म्हणजे ग्रेड वन, जेमतेम अडीच टक्के आणि त्याखालच्या ग्रेड टू स्टार सहा टक्क्यांच्या आत. आम्हाला आवडलेली घरं नेमकी याच दोन वर्गांतली निघाली. भिंतीला खिळा चालत नाही, लाकडी चौकटीला टेप लावून तोरण बांधता येत नाही, बऱ्याच ठिकाणी खरी मेणबत्तीही नाही. एका घराच्या विक्री विभागाने फोनवर "इंडियन वेडिंग्ज आम्ही नेहमी करतो" असं सांगितलं. प्रत्यक्ष गेल्यावर कळलं की होम करायचा तर गाड्या लावतात त्या मैदानाच्या कडेला. सप्तपदी गाड्यांच्या रांगेशेजारी घालायची? आम्ही चहा न घेता परतलो.

ज्या घरी लग्न झालं तिथे मागच्या बाजूला तबेल्यांचा जुना फरसबंद चौक होता. तिथे चारही बाजूंनी मोकळा मांडव घातला, केळीचे खुंट मोठ्या कुंड्यांत उभे केले, वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये होमकुंड ठेवलं. गुरुजींना समिधा आणि तूप बेताने वापरायला आधीच सांगितलं होतं. घराचा एक माणूस आग विझवायचं सिलिंडर घेऊन कोपऱ्यात शांत उभा होता. लाजाहोमाच्या वेळी तोच सगळ्यात तल्लीन होऊन बघत होता. पाऊस आला तर ऑरेंजरी, म्हणजे मोठ्या काचांचं बागेतलं दालन, कारण तिथली जमीन दगडी. तिथले धुराचे सेन्सर तेवढ्यापुरते बंद ठेवून माणूस बसवायचं त्यांनी मान्य केलं होतं. हे सगळं, त्यांच्या विमा कंपनीच्या संमतीसह, आगाऊ रक्कम भरायच्या आधी लेखी घ्या.

अक्षतांचंही तसंच. तांदूळ टाकायला बहुतेक घरं नाही म्हणतात. पाहुणे घसरतात आणि कुंकवाचा रंग दगडात उतरतो. गुलाबाच्या पाकळ्या टाका म्हणाले. मी ऐकलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना हातात तांदूळ नसतील तर माझ्या दृष्टीने ते लग्नच नाही. शेवटी मांडवाखाली आमच्याच सतरंज्या अंथरायच्या आणि त्या आम्हीच उचलायच्या या अटीवर परवानगी मिळाली. हळद मात्र बागेत, हिरवळीवर. ती घरात करायचा हट्ट मीही धरला नाही. दोनशे वर्षांच्या चुनखडीच्या फरशीवर हळदीचे डाग पाडायचा हक्क आपल्याला नाही.

नवरी, रेडिंग

कायद्याचं लिहिते, कारण घरचे मोठे हे आमच्यावर सोडून मोकळे होतात.

घराला परवाना असला तरी तिथे होणारं कायदेशीर लग्न सिव्हिल, म्हणजे धर्मविधींशिवायचं असतं. त्या विधीत मंत्र, आरती, मंगलाष्टकं काही चालत नाही. वैदिक लग्न स्वतंत्र लावायचं. आम्ही सिव्हिल विधी आदल्या संध्याकाळी लायब्ररीत केला आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अंतरपाट धरला. रजिस्ट्रार, म्हणजे हे लग्न नोंदणारे अधिकारी, घराकडून मिळत नाहीत, स्थानिक कौन्सिलकडून वेगळे ठरवावे लागतात. शनिवारी त्यांची फी जास्त, म्हणून आधी त्यांची वेळ पक्की करा आणि मग घराची तारीख. १ जुलै २०२१ पासून परवाना असलेल्या घराच्या बागेतही हा विधी होऊ शकतो.

लग्नाची नोटीस नोंदणी कार्यालयात द्यायला दोघंही आपापल्या जिल्ह्यात किमान ७ दिवस राहिलेले हवेत. त्यानंतर पूर्ण २८ दिवस थांबायचं. जोडीदार भारतातून येणार असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत जाऊ शकते, आणि फक्त लग्नासाठी येणाऱ्याला मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो. नोटिशीत लग्नाची जागा लिहिलेली असते. जागा बदलली तर नोटीस पुन्हा द्यावी लागते, म्हणून घर पक्कं झाल्याशिवाय कार्यालयात जाऊ नका.

आणि एक गोष्ट. ४ मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समधल्या लग्नाच्या नोंदीत आईचंही नाव येतं. तोपर्यंत फक्त वडिलांचं येत असे. त्या लायब्ररीत आमच्या दोघांच्या आयांची नावं वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

केटरिंग करणारा, लेस्टर

घर बघायला जाताना स्वयंपाक्याला सोबत न्या, एवढी कळकळीची विनंती. दिवाणखाना बघून लोक हरखतात आणि स्वयंपाकघर बघतच नाहीत. काही घरं स्वतःच्या केटररशिवाय कुणाला आत घेत नाहीत. काहींची ठरलेली यादी असते. काही नुसती जागा देतात, मग गॅसच्या बाटल्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं आपलं. बाहेरचा आचारी चालेल म्हणाले तरी स्वयंपाकघराचं भाडं वेगळं आहे का ते विचारा.

जुन्या घरात फोडणी म्हणजे अलार्म. जिरं-मोहरी तडतडली, मिरची पडली की सेन्सर वाजतो आणि शंभर माणसं नटूनथटून हिरवळीवर उभी राहतात. आम्ही फोडण्या आणि जिलबीची कढई कायम मागच्या अंगणात, तंबूत ठेवतो. मसालेभात तिथेच शिजतो. अळूची भाजी, मठ्ठा आदल्या दिवशी आमच्याकडे तयार करून आणतो. तंबूपासून जेवणाच्या दालनापर्यंत किती पायऱ्या आणि किती दारं, हे मी स्वतः चालून बघतो. पंगत बसवायची असेल तर वाढप्यांना हे अंतर फार महत्त्वाचं. व्हॅनला रस्ता आहे का तेही बघा. काही घरांच्या फाटकाच्या दगडी कमानीतून मोठी व्हॅन जात नाही.

इथे पदार्थातल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, दूध आणि गहूही. आपल्या ताटातलं जवळपास सगळंच. घराच्या लोकांना ही यादी आधी द्या, म्हणजे त्यांचे वेटर पाहुण्यांना नीट उत्तर देतात.

नवऱ्या मुलाची आत्या, पुणे

आम्ही पुण्याहून गेलो होतो. घर अतिशय देखणं, पण लिफ्ट नाही, आणि संरक्षित इमारतीत ती सहजासहजी बसवताही येत नाही. वहिनींचे गुडघे दुखतात. त्यांना खोली दिली तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी नोकर राहायचे तिथे, अरुंद जिन्याची. दादाने लगेच खोल्या बदलून घेतल्या आणि घरातल्या माणसांनीही कुरकुर केली नाही. पण हे आधी बघता आलं असतं. खोल्या वाटायच्या आधी तळमजल्यावर किती आहेत, न्हाणीघर खोलीला लागून आहे का, टबात न चढता अंघोळ करता येते का, हे विचारा. साठीच्या पुढच्यांना खाली जागा द्या आणि मुलांना वर. जून महिना असूनही रात्री चांगलीच थंडी होती. शालू नेसणाऱ्यांनी आत घालायला गरम काही न्यावं.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? पाहुणे जेवून लगेच गेले नाहीत. दुपारी सगळे बागेत, विहिणी विहिणी झाडाखाली गप्पा मारत बसलेल्या, मुलं गवतावर. पुण्यात कार्यालय संध्याकाळी रिकामं करायचं म्हणून तीनला रुखवत गुंडाळायला लागतात.

नवरा मुलगा, पर्थशायर

स्कॉटलंडचा विचार जरूर करा. इथे धार्मिक लग्नात परवाना जागेला नसतो, लग्न लावणाऱ्याला असतो. गुरुजी अधिकृत असतील तर अंतरपाटापुढे लागलेलं लग्नच कायदेशीर लग्न. दोनदा उभं राहावं लागत नाही. एम टेन हा लग्नाच्या नोटिशीचा अर्ज दोघांनी लग्नाच्या किमान २९ दिवस आधी द्यायचा. मॅरेज शेड्यूल, म्हणजे लग्न लावायला लागणारा सरकारी कागद, लग्नाच्या आधीच्या ७ दिवसांत स्वतः जाऊन आणायचं आणि सह्या करून ३ दिवसांत परत द्यायचं. ऑगस्टमध्ये संध्याकाळी मिज नावाच्या चिलटांचे थवे येतात, म्हणून बागेतला कार्यक्रम दुपारीच उरका.

नवऱ्याचा भाऊ, चेल्टनहॅम

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. घर कुणाच्या पैशातून उभं राहिलं हे विचारा.

कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातलं सेझिनकोट नावाचं घर आम्ही सगळ्यात आधी बघितलं. ईस्ट इंडिया कंपनीतून पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने ते १८०५ च्या सुमारास मुघल धर्तीवर बांधलं. तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, पुलाच्या कठड्यावर नंदी, बागेत सूर्याचं मंदिर. तिथून थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड, वॉरन हेस्टिंग्जचं घर, त्याच वास्तुविशारदाचं. हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असतानाच पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह. बाबा नंदीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, इथे लग्न करायला माझी हरकत नाही, पण हे सगळं पाहुण्यांना माहीत असलं पाहिजे.

शेवटी खोल्यांच्या हिशेबाने आम्ही दुसरं घर घेतलं, पण बाबांचं म्हणणं सोडलं नाही. तिथल्या मालकीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनी कागदपत्रं काढून दाखवली. साखरेच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा पैसा त्यात होता आणि त्यांनी तो लपवला नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये आपल्या ९३ ठिकाणांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध जाहीर केले, तेव्हापासून असं विचारणं कुणाला वावगं वाटत नाही. आम्ही कार्यक्रमपत्रिकेत अर्धं पान घराचा इतिहास छापला, गोड आणि कडू दोन्ही. माझ्या मते जे मालक या प्रश्नाचं उत्तर नीट देतात ते बाकीच्या बाबतीतही सरळ वागतात.

नवरीचा मामा, बर्मिंगहॅम

थोडक्यात दोन-तीन गोष्टी. सांगितलेल्या भाड्यात २० टक्के व्हॅट धरलाय का ते बघा. आवाजावर लिमिटर असतो, मर्यादा ओलांडली की वीजच जाते. आमच्या सनई-चौघड्याच्या रेकॉर्डिंगलाही तो लागला, म्हणून आदल्या दिवशी तिथेच वाजवून आवाज ठरवून घ्या. आणि रात्री खेड्यात टॅक्सी मिळत नाही. जे घरात राहणार नाहीत त्यांच्यासाठी कोच आधीच ठरवा, निघायची वेळ निमंत्रणावरच लिहा, आणि कोचला त्या अरुंद रस्त्यावर वळायला जागा आहे का हे ड्रायव्हरकडूनच खात्री करून घ्या.